जावेच्या माहेरची मॅरेथॉन

परवा सकाळी दुकान उघडायला खाली उतरले तर शटरशेजारच्या भिंतीवर पोस्टर. मागे खाडी, तिवरांची हिरवी रेघ, मधून गेलेला मातीचा बांध आणि त्या बांधावर धावणारी एक बाई. तोंड उघडं, दात दिसताहेत, कोपर दोन्हीकडे फेकलेले. धावताना इतकं हसू कोणाला येतं? येतं, माझ्या धाकट्या जावेला येतं. सलग तिसऱ्या वर्षी बेटावरच्या मॅरेथॉनच्या पोस्टरवर वनिताच आहे. समितीला दुसरं तोंड सापडत नाही की शोधावंसं वाटत नाही, कोण जाणे.

पोस्टरचा एक कोपरा सुटला होता. तो मी अंगठ्याने दाबून बसवला. एवढं माझ्याच्यानं होतं आता.

तळवलीत आमचं झेरॉक्सचं दुकान आहे, आमच्याच चार मजली इमारतीच्या तळाला. जिथे मशीन ठेवलंय तिथे सासऱ्यांच्या लहानपणी खळं होतं म्हणतात. माझ्या वाट्याला खळं आलं नाही, पण थंडी पडली की मागच्या मोकळ्या प्लॉटवर कोणीतरी पोपटी लावतं, तेवढं अजून आहे. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, मीठ-मसाला चोळलेली कोंबडी, अंडी, पुन्हा पाला. मग मडकं उपडं करून भोवती जाळ. त्या पाल्याचा कडसर, ओला वास जिन्यातून चौथ्या मजल्यापर्यंत चढतो. भाडेकरूंची मुलं खिडक्यांत येतात. लोकांना त्या वासानं भूक लागते. माझ्या पोटऱ्या दुखतात. आणि पोटऱ्यांच्या पुष्कळ वर, बरगड्यांच्या आत आणखी काहीतरी दुखतं, ज्याला मी बरीच वर्षं ॲसिडिटी म्हणत होते.

ती ॲसिडिटी नव्हती. मी जळत होते. नऊ वर्षांपूर्वीचा एक अख्खा हिवाळा मी माझ्या जावेवर जळत काढला, आणि तो हिवाळा दर वर्षी वालाच्या शेंगांबरोबर बाजारात येतो.

माझं माहेर रबाळ्याचं. तळवलीहून चालत निघालं तर अर्ध्या तासाच्या आत. लग्नात पाठवणीच्या वेळी मी रडायला लागले तेव्हा माझीच मावशी म्हणाली, "अगं, रिक्षाचं मिनिमम भाडं पडतंय, रडतेस काय!" दिवाळीला माहेरी जाते म्हटलं की सासूबाई म्हणायच्या, "जाऊन ये, येताना कोथिंबीर आन." एवढंसं माहेर. वडिलांची शेती मी जन्मायच्या आधीच कारखान्यांत गेली होती. ज्या जागेवर त्यांनी लहानपणी भात लावला, त्याच जागेवरच्या कंपनीत ते तीन पाळ्यांत कामाला जायचे. आम्हां पोरांना शेत म्हणजे दोन कंपाउंडांच्या मधला सरळ डांबरी रस्ता. त्या रस्त्यावर मी धावायला शिकले.

शाळेत खेळाच्या बाई होत्या, गळ्यात शिट्टी आणि पायात कायम चपला. त्यांनी मला आठशे मीटरला घातलं. त्या म्हणायच्या, "ही दोन फेऱ्यांची शर्यत आहे, सुरेखा. पहिल्या फेरीत सगळं देऊन बसणाऱ्या मुली दुसऱ्या फेरीत रडतात. सुरुवातीला दम राखायचा. मागे राहायची लाज वाटून घ्यायची नाही." मी लाज वाटून घेतली नाही. जिल्ह्याला दुसरी आले. कपाटावर कप होता, कपाला धूळ होती, आणि एकविसाव्या वर्षी माझं लग्न ठरलं. धावायचे बूट मी शेजारच्या मुलीला देऊन टाकले. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं. सुना धावत नाहीत हे सांगावं लागत नाही, असं मला वाटत होतं. मग दहा वर्षं मी या घरात चालले. गच्चीवर पापड घालायला चालले, नळाला पाणी आलं की चालले, दूध उतू जात असतानासुद्धा चालले. "आमची थोरली सून शांत हाय," असं सासूबाई चारचौघांत सांगायच्या, आणि मला ते बक्षीस वाटायचं.

मग वनिता आली. बेटावरची.

बेट बेलापूरच्या पलीकडे खाडीत आहे. होडीनं दहा मिनिटं. तेवढ्या दहा मिनिटांनी तिच्या माहेराला केवढी ऐट आली होती! ती माहेरी निघाली की भरती-ओहोटीची वेळ बघायची, धक्क्यावर कोणाला तरी फोन करायची, "होडी थांबवा, मी येतंय." येताना पिशवीत खेकडे, तांदळाचं पीठ, वालाच्या शेंगा. मी रबाळ्याहून कोथिंबीर आणायची आणि ती बेटावरून खाडी आणायची. दार उघडलं की तिच्या ओढणीला चिखलाचा वास यायचा आणि मी नाक मुरडायची. घरी परत येताना अंगाला वास लागेल असं माझं काहीच उरलेलं नव्हतं, हे मी नाक मुरडताना स्वतःशीही कबूल करत नव्हते.

तिच्या लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत बेटावर पोपटीचं बोलावणं आलं. सगळे गेलो. जाळ विझायची वाट बघत आम्ही शेतात बसलो होतो, आणि वनिताच्या वडिलांनी, आप्पांनी, मला त्या धावण्याची गोष्ट सांगितली. नव्या माणसाला ती सांगितल्याशिवाय ते जेवू देत नाहीत.

बेटावरची जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. भोवती नऊ किलोमीटरचा मातीचा बांध आहे म्हणून भात आहे, विहीर आहे, घरं आहेत. एका खेकड्याने बांधात बीळ केलं, त्यातून पाणी झिरपायला लागलं, आणि वेळेवर कोणाला दिसलं नाही की उधाणाला तिथे खांड पडते, म्हणजे बांध फुटतो. खारं पाणी आत आलं की पुढची तीन-चार वर्षं तिथे भात नाही. आप्पांच्या आजोबांच्या वेळी अशी एक मोठी खांड पडली. तेव्हापासून गावानं ठरवलं, की कापणी झाली की पौषातल्या उधाणाआधी बांधाची फेरी घालायची. देवळापासून दोन गडी निघायचे, एक उजवीकडून, एक डावीकडून. दोघांनी पूर्ण वळसा घालायचा, कारण एकाच्या नजरेतून सुटलेलं बीळ दुसऱ्याला दिसावं. जो आधी देवळाशी परतेल त्याने पोपटीचं पहिलं मडकं फोडायचं.

"मंग काय," आप्पा म्हणाले, "मडक्यासाठी मानसं पलायला लागली. बीळ बगायचं ऱ्हायलं बाजूला."

"मग?"

"मंग ठरलं, ज्याच्या फेरीत बीळ सुटलं त्याला गाव वरीसभर नावं ठेवील. तवापासून मान खाली घालून पलायचं. आमी सगली तशीच पलतो. मान खाली."

पुढे होडीनं रोज येणारे एक गुरुजी शाळेवर आले. त्यांनी दोन दिशांचा गोंधळ मोडला, सगळ्यांना एकाच बाजूनं सोडलं, चुन्याची रेघ मारली, शिट्टी आणली आणि शाळेच्या फळ्यावर पहिल्यांदा लिहिलं: मॅरेथॉन. खरी मॅरेथॉन बेचाळीस किलोमीटरची असते हे त्यांना माहीत असणार, पण बेटाला एवढाच बांध होता, त्याला ते काय करणार! नंतर कधीतरी वाशीकडचे काही लोक फ्लेमिंगो बघायला आले, त्यांनी माना खाली घालून धावणारी ही माणसं बघितली, आणि पुढच्या वर्षी घड्याळं आणि रंगीत बूट घेऊन तेही आले. मग समिती झाली. छातीवर नंबर आले, केळी आली, पदकं आली, माइक आला. होड्या दोनाच्या बारा झाल्या.

"आता बांधाकडं कोन बगत नाय," आप्पा म्हणाले. "सगली घड्यालाकडं बगतात. मी आदल्या दिशी काठी घेऊन एकला फिरतंय. बीळ दिसलं की टाचेनं दाबतंय."

"आणि बायका?" मी विचारलं. "त्या कधी धावल्या नाहीत?"

आप्पा हसले. "बाया बांधावर पयल्यापासून हायत, पोरी. खांड पडली की चिकलाच्या पाट्या कोन व्हायचं? डोक्यावर पाटी घेऊन पलायच्या. त्याला कोनी शिट्टी मारली नाय, येवढंच."

घरी परतताना होडीत मी त्या बांधाकडे बघत होते. ज्या जमिनीला अजून माणसांच्या पायांची गरज आहे अशी ती जमीन होती. आमच्या रबाळ्याच्या जमिनीला कंपाउंड होतं आणि वॉचमन होता. तिला कोणी फेरी घालावी असं काही राहिलं नव्हतं. हेही एक जळणंच होतं. पण तेव्हा ते फक्त जमिनीपुरतं होतं.

दोन वर्षांनी, नोव्हेंबरात, समितीने जाहीर केलं की यंदा बायकांची वेगळी शर्यत. रात्रीची जेवणं चालली होती. दोघे भाऊ टीव्हीसमोर, सासूबाई पाटावर, मी तव्यापाशी, वनिता वाढत होती. सासूबाईंच्या ताटात भाकरी ठेवता ठेवता ती म्हणाली, "आई, मी या टायमाला बेटावर धावनार हाय."

'धावू का' नाही. 'धावनार हाय.'

माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. मी वाट बघत होते. मला अगदी खात्री होती की आता काहीतरी फुटणार, आणि खोटं कशाला बोलू, ते फुटावं म्हणून मी आतुर होते. सासूबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला, खाल्ला. मग विचारलं, "कपडं काय घालनार?"

"पंजाबी ड्रेस. ओढनी बांधीन."

"एकली जाऊ नको सकालची. सुरेखाला घेऊन जा. ती काय, उठलेलीच असते."

संपलं. माझी दहा-बारा वर्षं एका घासात संपली. टीव्हीवर जाहिरात लागली, कोणीतरी मीठ मागितलं. तव्यावरची भाकरी जळाली. त्या घरात माझ्या हातची तेवढी एकच.

तर अशी मी सोबतीण झाले. साडेपाचला आम्ही दोघी निघायचो. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेकडेनं, मग आतल्या रस्त्यानं खाडीच्या बाजूला. थंडीचं धुकं, त्यात कंपन्यांचा वास मिसळलेला. रबाळ्याची पहिली पाळी डबे घेऊन चालत असायची. ती माणसं आमच्याकडे बघायची, मग सवयीनं बघेनाशी झाली. पहिल्या दिवशी मी फक्त भरभर चालले. तिसऱ्या दिवशी एका वळणावर पाय आपोआप उचलले गेले आणि माझ्या लक्षात आलं की मी धावते आहे. चपलांनी. चौथ्या दिवशी मी मुलीचे पीटीचे बूट घातले, ते जरा घट्ट होत होते. माझं शरीर काहीच विसरलं नव्हतं. बाळंतपणं, तवा, गच्ची, सगळ्याच्या खाली ते तसंच बसून होतं, शिट्टीची वाट बघत.

आणि वनिता? वनिता वाईट धावायची. कोपर बाहेर, खांदे वर, आणि सुरुवात अशी की मागे कुत्रं लागलंय. पहिल्या किलोमीटरला ती माझ्या कितीतरी पुढे असायची आणि तिसऱ्याला कमरेवर हात ठेवून उभी. रोज. मी मागून माझ्या चालीनं यायची आणि ती तोंड लाल करून विचारायची, "वैनी, मना दम का लागतो गं? तुमाला कसा नाय लागत?"

मला माहीत होतं. चपला घालणाऱ्या बाईंनी मला बाराव्या वर्षी सांगितलेलं ते एक वाक्य माझ्या जिभेवर होतं. एवढं सांगितलं असतं तर ती आठवड्याभरात नीट धावली असती.

मी म्हणाले, "सवयीनं जाईल."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तिने विचारलं. मी पुन्हा म्हणाले, "सवयीनं जाईल." दोन महिने मी हे म्हणत राहिले. लोक मत्सराला आग वगैरे म्हणतात. माझा मत्सर तसा नव्हता. तो फार सभ्य होता. तिला पाणी द्यायचा, तिची पाठ थोपटायचा, घरी आल्यावर तिच्यासाठी आलं घालून चहा टाकायचा. फक्त एक वाक्य तेवढं गिळायचा.

समितीचे फॉर्म आमच्याच दुकानात झेरॉक्सला आले. दोनशे प्रती काढायच्या होत्या. मी दोनशे एक काढल्या. ती एक दुपारी गिऱ्हाईक नसताना भरली, घडी घातली आणि शाईच्या डब्यामागे ठेवली. कोणाला सांगितलं नाही. वनितालाही नाही.

शर्यतीच्या दिवशी धुकं इतकं होतं की होडीतून बेट दिसतच नव्हतं, फक्त माइक ऐकू येत होता. सासूबाईही आल्या होत्या, शाल गुंडाळून, सुनेचं धावणं बघायला. धक्क्यावरच्या टेबलावर मी माझा फॉर्म ठेवला तेव्हा वनिता शेजारीच होती. ती किंचाळली, "वैनी! तुमी पन?" आणि सगळ्यांसमोर तिने मला मिठी मारली. मी त्या मिठीत लाकडासारखी उभी होते.

तीस-पस्तीस बायका होत्या. शहरातल्या घड्याळवाल्या निम्म्या, बेटावरच्या आठ-दहा. शिट्टी झाली आणि वनिता सुटली. सबंध गाव ओरडत होतं. बांधाच्या कडेला पोरं, म्हातारे, दारातल्या बायका, सगळ्यांच्या तोंडी एकच नाव. "वनेऽ! वनेऽ! पल!" ते ऐकून ती आणखी जोरात पळाली. मी मागे राहिले. माझ्या नावाला तिथे कोणी नव्हतं, आणि मागे राहायची लाज मी कधीच वाटून घेतली नव्हती. डावीकडे तिवरं, उजवीकडे कापणी झालेली खाचरं, पायाखाली मऊ माती. दुसऱ्या किलोमीटरला मी एकीला मागे टाकलं, तिसऱ्याला चौघींना. श्वास एका लयीत बसला. मी सांगते, त्या अर्ध्या तासात मी कोणाचीच सून नव्हते, आणि कोणाची जाऊही नव्हते.

सहाव्या किलोमीटरला उघाडी आहे. बांधातलं पाणी सोडायचं लाकडी दार. तिथल्या कठड्यावर वनिता बसली होती. एक हात बरगडीखाली, ओठ पांढरे, ओढणी सुटलेली. मला हे होणार हे ठाऊक होतं. कुठल्या किलोमीटरला होणार, तेवढंच माहीत नव्हतं. मी जवळ आले. तिने मान वर केली. मला वाटलं ती पाणी मागेल, थांबा म्हणेल.

ती म्हणाली, "वैनी, जावा! पुढं तिघीच हायत. सोडू नका!"

मी गेले. थांबले नाही. तिच्या त्या ओरडण्यानंच माझे पाय जास्त वेगानं पडले, हे सगळ्यात वाईट.

शेवटच्या वळणावर मी एकीला मागे टाकलं आणि देवळासमोर तिसरी आले. धुक्यात माइकवाल्याला फक्त पंजाबी ड्रेस आणि छातीवरच्या नंबराखालचं आडनाव दिसलं असणार. तो ओरडला, "आणि तिसऱ्या नंबरला आपल्या बेटाची लेक, वनिता पाटील!" ढोल सुरू झाला. सगळं गाव धावत पुढे आलं, दोन बायकांनी हातही पसरले होते. मग मी धुक्यातून पूर्ण बाहेर आले, त्यांनी माझं तोंड बघितलं, आणि ढोल एकेक टिपरू करत थांबला. कोणीतरी विचारलं, "ही कोन? आनि वनी कुटं हाय?" मी हातानं मागे दाखवलं. सगळं गाव, ढोलासकट, उघाडीच्या दिशेनं निघून गेलं. एका मुलीने माझ्या गळ्यात पदक घातलं आणि हातात केळं दिलं. देवळासमोर मी आणि केळ्यांची सालं.

अर्ध्या तासानं वनिता आली. चालत. एका बाजूला आप्पा, दुसऱ्या बाजूला तिची आई, मागे ढोल, पुढे नाचणारी पोरं. शेवटून दुसरी. मी माझ्या आयुष्यात इतकं थाटाचं हरणं पाहिलं नाही. पोपटीचं मडकं त्या वर्षी जिंकलेल्या बाईकडून न फोडता गावानं वनिताकडून फोडून घेतलं. तिने पहिला घास माझ्या तोंडात घातला आणि सगळ्यांना सांगितलं, "माज्या वैनीनी शिकवलं मना. त्या नसत्या तर येवढं पन नसतं झालं."

पाण्याचं निमित्त करून मी धक्क्याकडे गेले. ओहोटी लागली होती, चिखल उघडा पडत होता. थोड्या वेळानं मागून सासूबाई आल्या आणि दगडावर बसल्या. माझ्या गळ्यातलं पदक त्यांनी उलटसुलट करून बघितलं.

"तू तर लई जोरात पलतेस," त्या म्हणाल्या.

"जिल्ह्याला दुसरी आले होते. लग्नाआधी."

"मना कोनी सांगलं नाय."

बारा वर्षांत पहिल्यांदा माझा आवाज चढला. "आई, तिला तुम्ही एका शब्दात सोडलंत. मला का नाही सोडलं?"

सासूबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. "तू कवा बोललीस?"

मी आठवून बघितलं. एखादी संध्याकाळ, एखादं अर्धं वाक्य, काहीतरी असेल. नव्हतंच.

"तिनं सांगलं, तू नाय सांगलं," त्या म्हणाल्या. मग खाडीकडे बघत, "आनि खोटं कशाला बोलू? तवा तू बोलली असतीस तर मी नायच म्हनली असती. तवा मी अशी नवती. पन मग तुजा राग माज्यावर ऱ्हायला असता. त्या पोरीवर नाय."

म्हणजे त्यांना दिसत होतं. माझं आलं घातलेलं, सभ्य, रोजचं जळणं त्यांना पाटावर बसल्या बसल्या दिसत होतं.

त्यानंतर चार दिवस मी स्वतःशी भांडले. पाचव्या दिवशी दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात वाल सोलत बसलो होतो. मी म्हटलं, "वनिता, तुला दम का लागतो ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू सुरुवातीलाच फार जोरात पळतेस. मी मुद्दाम सांगितलं नाही."

तिचे हात चालूच होते. एक शेंग, दुसरी शेंग. मग तिने विचारलं, "पयल्या दिवसापासून?"

"हो."

"म्हनजे मी समद्यांना खोटंच सांगत व्हते. वैनीनी शिकवलं म्हनून."

तिने परडी माझ्याकडे सरकवली आणि उठून गेली. दुसऱ्या दिवशी होडीची वेळ न बघताच माहेरी निघून गेली. तीन दिवसांनी परतली, पण माझ्याशी कामापुरतं बोलायची. मीठ कुठे आहे. सिलिंडर आला. पिशवीतले खेकडे तिने ओट्यावर ठेवले आणि कोणी आणले, कोणासाठी आणले, काही बोलली नाही. मला वाटलं होतं, खरं सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. मत्सर होता तिथेच होता, आता त्याच्या शेजारी लाजही येऊन बसली. फक्त एक झालं. आता तो दोघींना माहीत होता.

आज विचाराल तर वनिता बेटावर चार वेळा पहिली आली आहे. मीही दर वर्षी धावते. तिसरा नंबर पुन्हा कधी मिळाला नाही, आणि उजवा गुडघा आता थंडीत कुरकुरतो. आप्पा काठी घेऊन अजून आदल्या दिवशी फिरतात, आता वनिता त्यांच्याबरोबर असते. समितीतली मोठी माणसं तिला ताई म्हणतात, मला 'वनिताताईंच्या जाऊबाई' म्हणतात. मला ते आवडत नाही. आवडतं असं लिहिलं तर या लेखाला शोभेल, पण नाही आवडत. मात्र आता मी त्याला ॲसिडिटी म्हणत नाही.

हिवाळा आला की मला पदक आठवत नाही, ढोलही नाही. आठवते त्या अबोल्यानंतरची एक सकाळ. साडेपाच वाजले होते. मी चहाचं आधण ठेवत होते आणि स्वयंपाकघराच्या दारात वनिता उभी होती, ओढणी कमरेला बांधून. चेहरा अजून फुगलेलाच.

"चला," ती म्हणाली. "आता सांगा."

रस्त्यावर धुकं होतं. मी तिला म्हटलं, "माझ्या मागे राहायचं. खाडीकडच्या पुलापर्यंत पुढे यायचं नाही, कितीही वाटलं तरी."

ती मागे राहिली. तिला ते किती जड जात होतं हे मला ऐकू येत होतं. पावलं घाईची पडायची, मग अडखळायची, मग आवरायची. हळूहळू आवाज बदलला. तिची पावलं माझ्या पावलांच्या मापात पडायला लागली. दोन माणसं धावताहेत की एक, हे ऐकून सांगता आलं नसतं. तिचा श्वास माझ्या मानेशी होता आणि त्यात धाप नव्हती. रबाळ्याची पाळी समोरून आली आणि बाजूला झाली. पूल आला.

"वैनी, आता?"

मला कळत होतं की आता ती जाईल ती पुन्हा माझ्या हाताला लागणार नाही. या वर्षी नाही, पुढच्या वर्षीही नाही. अजून थोडं थांब, म्हणता आलं असतं. तिने ऐकलंही असतं. मी दहा पावलं तशीच धावले.

मग म्हटलं, "जा."